मार्क्स कार्ड हातात आल्यावर : सीमाभागातल्या मराठी शाळांच्या पोरांसाठी

दहावीच्या निकालादिवशी आमच्या गावात दोन गोष्टी संध्याकाळच्या आत संपतात. मोबाइलचा नेटपॅक आणि स्टँडवरच्या मिठाईवाल्याकडचा कुंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून दात घासत असतो, तोवर ओट्यावर कुणीतरी येऊन बसलेलं असतं. बाप बोलतो, पोरगं खाली बघतं.

"सर, अठ्ठ्याहत्तर टक्के पडलेत. सायन्सला घालूया की कॉमर्सला?"

"गणिताला किती? विज्ञानाला किती?"

ते बापाला ठाऊक नसतं. पोराला ठाऊक असतं, म्हणूनच ते खाली बघत असतं.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. मी निवृत्त झालो, ओटा काही झाला नाही. दरवर्षी मे महिन्यात तेच प्रश्न, तीच घाई आणि जूनमध्ये तेच "सर, आधी विचारायला पाहिजे होतं". म्हणून हे एकदा लिहूनच काढतो. सायन्स चांगलं की कॉमर्स, यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. मराठी माध्यमातनं दहावी झालेल्या सीमाभागातल्या पोराचे प्रश्न त्याहून वेगळे असतात: पुढची दोन वर्षं तो कुठल्या भाषेत शिकणार, कुठल्या राज्यात शिकणार, आणि त्यासाठी लागणारे कागद घरात आहेत का. साइड, म्हणजे शाखा, त्यानंतर.

आधी कार्ड नीट वाचा

एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचं, मार्क्स कार्ड ६२५ गुणांचं. प्रथम भाषा १२५ ची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे. आपल्या शाळांतल्या पोरांची प्रथम भाषा मराठी, म्हणजे एकूण बेरजेत सगळ्यात जड विषय मराठी. आता दोन पोरं घेऊ. पहिल्याला मराठी ११९, इंग्रजी ७२, कन्नड ८४, गणित ५८, विज्ञान ६१, समाजविज्ञान ९४. दुसऱ्याला मराठी ९२, इंग्रजी ७०, कन्नड ७१, गणित ९१, विज्ञान ८८, समाजविज्ञान ७६. बेरीज करून बघा. दोघांचीही ४८८. दोघांनाही ७८ टक्के, दोघांच्याही घरी सारखाच कुंदा. पण गणित-विज्ञान मिळून पहिल्याचे २०० पैकी ११९ आणि दुसऱ्याचे १७९. ही दोन पोरं एका वर्गात एका बाकावर बसवली तर सहा महिन्यांत एकजण रडकुंडीला येणार.

आणखी एक गोष्ट आम्ही मास्तर लोक चारचौघांत बोलत नाही. शंभरातले वीस गुण शाळेच्या हातचे असतात, लेखी पेपर ८० चा. प्रथम भाषेला २५ शाळेचे आणि १०० लेखी. शाळेचे गुण देताना आमचा हात बहुतेक सैलच असतो. पोरांचं नुकसान कुणाला करायचंय? त्यामुळे पहिल्या पोराच्या गणितातल्या ५८ मधनं वीस बाजूला काढा. उरले ८० पैकी ३८. अकरावीच्या गणिताला तोंड देताना तेच खरे.

तेव्हा कार्ड हातात आलं की कागदावर तीन आकडे लिहा: गणिताचे लेखी गुण, विज्ञानाचे लेखी गुण, इंग्रजीचे लेखी गुण. शेजारच्याच्या पोराचे टक्के लिहायची गरज नाही.

गुण कमी पडले किंवा विषय उडाला असेल तर

पूर्वी नापास झालं की 'सप्लिमेंटरी' म्हणायचे आणि त्या शब्दातच अर्धी लाज असायची. २०२४ पासून बोर्डाने ती पद्धत बदलली. एकाच वर्षात परीक्षा-१, परीक्षा-२ अशा परीक्षा होतात आणि विषयात जिथे जास्त पडतील ते गुण धरतात. उडालेल्यांनीच बसायचं असंही नाही, गुण वाढवायला पास झालेलं पोरगंही बसू शकतं. मात्र वेळ फार नसतो. २०२५ ला निकाल २ मे ला लागला आणि परीक्षा-२ सुरू झाली २६ मे ला. निकालानंतर चार दिवस रुसून झोपलेल्या पोराचे चार दिवस गेलेच.

गुणांबद्दल शंका असेल तर पायऱ्या अशा. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागायची. ती आली की एकेका उत्तराशेजारचे गुण बघायचे, आपण बेरीज करायची, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते शोधायचं. मग गरज वाटली तर फेरबेरीज किंवा फेरतपासणी. प्रत न मागता थेट फेरतपासणी मागता येत नाही. अर्ज ऑनलाइन, प्रत्येक विषयाचे पैसे वेगळे, मुदत मोजक्या दिवसांची. "जरा वाढतील काय बघूया" म्हणून सहाही विषयांना पैसे भरणारे पालक मी बघितलेत. तसं करू नका. विषय शिकवणाऱ्या मास्तरांपुढे ती प्रत ठेवा. दहा मिनिटांत ते सांगतील.

पास होण्याचा नियमही बदललाय. पूर्वी ६२५ पैकी २१९ लागायचे. २०२५-२६ पासून एकूण ३३ टक्के, म्हणजे २०६, आणि प्रत्येक विषयात निदान ३० टक्के असं ठरलं. पोरं खूश झाली. पण यात एक खड्डा आहे, तो पुढे सैन्यभरतीच्या जागी दाखवतो.

माध्यमाची उडी

आता मुख्य विषय. आपली मराठी शाळा दहावीला संपते. पुढे पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी. सायन्स आणि कॉमर्स तर बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच. दहा वर्षं 'प्रवेग' म्हणत आलेलं पोरगं जूनच्या पहिल्या आठवड्यात 'ऍक्सिलरेशन' ऐकतं आणि त्याला वाटतं, हे काहीतरी नवीन आहे. नवीन काही नसतं. 'अपवर्तन'चं 'रिफ्रॅक्शन' होतं, 'प्रकाशसंश्लेषण'चं 'फोटोसिंथेसिस' होतं, 'लसावि'चा 'एलसीएम' होतो. पाहुणा ओळखीचाच, फक्त सदरा बदलून आलेला.

खरी अडचण या शास्त्रीय शब्दांची नसतेच. ती आमच्या एका विद्यार्थिनीने मला शिकवली. दहावीला गणितात ९४. अकरावीत पहिल्या चाचणीत २२. वही घेऊन आली. मी गणित मराठीत सांगितलं, तिने तोंडी सोडवलं. मग तेच इंग्रजीत वाचायला दिलं. एका ओळीपाशी बोट थांबलं. 'रिस्पेक्टिव्हली.' तिला 'अनुक्रमे' पक्कं माहीत होतं, 'रिस्पेक्टिव्हली' कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वस्तूंची वजनं अनुक्रमे अमुक आणि तमुक, हे वाक्यच फुटत नव्हतं, मग पुढचं गणित कुठलं सुटायला? 'ऍट रेस्ट' म्हणजे स्थिर अवस्थेत, 'हेन्स' म्हणजे म्हणून, 'निग्लेक्ट' म्हणजे धरू नका. हे असले शब्द कुठल्या परिभाषा कोशात कुणी शोधत नाही, आणि पोरं तिथेच पडतात. आम्ही दोघांनी बसून साधारण शंभर शब्दांची यादी केली. एका वहीची सहा पानं भरली. बारावीला तिला गणितात किती पडले ते ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते.

यावर एक फुकटचा उपाय आहे आणि तो फार थोडे लोक करतात. कर्नाटकातली दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांवरून घेतलेली आहेत. म्हणजे तुमच्या पोराने वर्षभर घासलेलं मराठी पुस्तक आणि त्याचं इंग्रजी पुस्तक ही भावंडंच. धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणंही बहुतेक तीच. इंग्रजी पुस्तक शेजारच्या इंग्लिश मीडियमच्या पोराकडनं मागून आणा, नाहीतर एनसीईआरटीच्या साइटवरनं मोबाइलवर उतरवून घ्या, पैसे लागत नाहीत. मग दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून रोज दोन पानं. मराठीतलं वाक्य वाचायचं, तेच इंग्रजीत शोधायचं. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे डिक्शनरी फारशी लागत नाही. मे महिन्यातले तीस दिवस असं केलेलं पोरगं जूनमध्ये वर्गात पुढच्या बाकावर बसतं. पीयू सायन्सही एनसीईआरटीच्याच वळणाचं आहे आणि मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षाही त्यावरच, त्यामुळे ही मेहनत पुढे दोन वर्षं कामाला येते. बेळगावात सुट्टीतल्या 'ब्रिज कोर्स'ला हजारो रुपये भरायच्या आधी ही साठ पानं करून बघा.

आणि मराठी सोडू नका. पीयूसीला सहा पेपर असतात, दोन भाषा आणि चार विषय, प्रत्येकी शंभर, एकूण सहाशे. इंग्रजीच्या जोडीला जी दुसरी भाषा घ्यायची त्यात मराठीही आहे. फक्त कॉलेजात तो विषय चालू पाहिजे आणि शिकवणारं माणूस पाहिजे. राणी पार्वतीदेवी, ज्योती, भाऊराव काकतकर, लिंगराज, गोगटे अशी बेळगावातल्या कॉलेजांची नावं घराघरांत माहीत आहेत. पण नावावर जाऊ नका. ऍडमिशनच्या खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: यंदा अकरावीला मराठी आहे का? मराठी घेणारी पोरं कमी झाली की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की आपणच मोर्चा काढतो.

साइड, थोडक्यात

सायन्समध्ये फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायॉलॉजी घेतलं की इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्हीकडे जाता येतं. पण चार विषयांचं ओझं खरंच ओझं असतं. डॉक्टरकीचा विचार नसेल तर बायॉलॉजीच्या जागी कॉम्प्युटर सायन्स घेणारे बरेच. कर्नाटकात इंजिनिअरिंगची यादी लावताना निम्मं वजन केसीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, गुणांना आणि निम्मं पीयूसीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताला. तेव्हा "बारावी काय, कशीही होऊंदे, सीईटीला बघून घेऊ" म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना जरा लांबनंच नमस्कार करा. केसीईटीचा पेपर इंग्रजी आणि कन्नडमध्ये असतो. नीट मात्र मराठीतही देता येते, पण मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. बेळगावच्या पोराला मराठीत नीट द्यायची असेल तर अर्ज भरतानाच महाराष्ट्रातलं केंद्र निवडावं लागतं. हे दरवर्षी कुणाला तरी अर्ज भरल्यावर कळतं.

नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलींच्या घरी मी हमखास एक गोष्ट सांगतो. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. "सायन्स जड आहे, आर्ट्स घेऊन नर्सिंग करते" असं म्हणून आर्ट्स घेतलं की दोन वर्षांनी बीएस्सीचा रस्ता बंद दिसतो.

कॉमर्सबद्दल फार सांगायला नको. उद्यमबागेतल्या कारखान्यांपासून मार्केटमधल्या आडत्यांपर्यंत हिशेब लिहिणारा माणूस सगळ्यांना लागतो. अकाउंटन्सी सगळ्यांनाच नवीन असते, त्यामुळे मराठी माध्यमाचं पोरगं तिथे कुणाच्या मागे नसतं. सगळे एकाच रेघेवरनं सुटतात. सीएची पहिली परीक्षा बारावीनंतरच देता येते, तेव्हा त्याची घाई नको.

आर्ट्सला आपल्याकडे उगीच खाली बघतात. समाजविज्ञानाला ९४ मिळवणाऱ्या त्या पहिल्या पोराने इतिहास-अर्थशास्त्र-राज्यशास्त्र का घेऊ नये? बारावीनंतर पाच वर्षांची लॉची डिग्री आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निदान वकिलांची तरी आपल्याला ददात पडू नये.

पीयूसीशिवायचे रस्ते

डिप्लोमा तीन वर्षांचा. यादी लावताना दहावीच्या गणित-विज्ञानाचे गुण बघतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या दोन पोरांत इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ७८ टक्के दोघांनाही, पण चांगल्या पॉलिटेक्निकचं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल दुसऱ्यालाच. डिप्लोमा झाल्यावर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा दिली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. शेतकऱ्याच्या घरी मला हा रस्ता आवडतो, कारण तीन वर्षांनी कुठे थांबलंच तरी हातात काहीतरी असतं. पीयू सायन्स करून सीईटीत मागे राहिलेल्या पोराच्या हातात नुसती बारावी असते.

आयटीआयचं नाव काढलं की आया तोंड वाकडं करतात. त्यांना मी उद्यमबागेत एक फेरी मारून या म्हणतो. बेळगाव हे फाउंड्रीचं गाव. ओतकाम, मशिनिंग, हायड्रॉलिकचे भाग, सगळं इथे बनतं. मच्छे, होनगा, काकती अशा वसाहती पसरल्यात, हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. मशीनवर हात बसलेलं पोरगं इथे रिकामं बसत नाही. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे शिक्षण तिथेच संपतं हा समज खोटा. सरकारी टूल रूम, म्हणजे जीटीटीसी, बेळगावातही आहे. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षं शिकणं आणि एक वर्ष कारखान्यात काम, असा चार वर्षांचा.

आता तो खड्डा. आमच्या भागात पहाटे पाचला रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, घराघरांत कुणीतरी सैन्यात असतं, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. अग्निवीरच्या जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के लागतात आणि प्रत्येक विषयात निदान ३३. इकडे बोर्ड विषयात ३० टक्क्यांवर पास करतंय. म्हणजे गणितात ३१ पडलेलं पोरगं बोर्डाच्या लेखी पास आणि सैन्याच्या लेखी अपात्र. कुंदा वाटून झालेला असतो, धावण्याचा सराव चालूच असतो, आणि दोन वर्षांनी भरतीचा अर्ज भरताना हे लक्षात येतं. अशा पोराने लाजू नये, गुण वाढवायला परीक्षा-२ ला बसावं. दुसरं, भरतीचं वय साडेसतरापासून सुरू होतं. दहावी होते पंधरा-सोळाव्या वर्षी. मधली दीड-दोन वर्षं नुसतं धावून काढायची नाहीत. त्यात पीयूसी होते, नाहीतर आयटीआय होतं. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. उरलेल्यांना त्या दोन वर्षांच्या कागदाचाच आधार.

तिकडे की इकडे

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर. निपाणीवाल्यांना कागल तर हाकेवर. तिकडे अकरावी करावी का, हा प्रश्न आमच्या ओट्यावर दर दोन पोरांमागे एकदा येतो आणि त्यात भावनेचा भाग बराच असतो. भावना बाजूला ठेवून सांगतो.

महाराष्ट्र सरकारने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांसाठी तिकडच्या प्रवेशांत सोय ठेवलेली आहे. डिप्लोमा, इंजिनिअरिंगच्या प्रवेशात उमेदवारांचे जे प्रकार करतात, त्यात वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतनं पास झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवाराचा वेगळा प्रकार असतो, 'टाइप-ई' म्हणून. त्यासाठी दोन गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात: आपलं गाव त्या यादीत आहे, आणि आपली मातृभाषा मराठी आहे. बेळगाव जिल्ह्यातलं प्रत्येक गाव यादीत नाही, तेव्हा आधी आपलं नाव शोधा. मातृभाषेची नोंद शाळेत पहिलीला नाव घालताना झालेली असते. कधीकाळी कुणीतरी त्या रकान्यात घाईत भलतंच लिहून ठेवलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायच्या आधी हेडमास्तरांना ती नोंद दाखवायला सांगा.

नुसती अकरावी करायची असेल तरी आता सरळ कॉलेजात जाऊन नाव घालता येत नाही. २०२५-२६ पासून अख्ख्या महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झालेत. चंदगडचं कॉलेज आपल्या मामाच्या ओळखीचं असलं तरी पसंतीक्रम भरावाच लागतो. दुसऱ्या बोर्डातनं येणाऱ्या पोराला मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं, ते आपल्या बोर्डाकडनं मागवायचं.

लोकांना भीती वाटते ती अशी: पोरगं तिकडे गेलं की कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या जागा गेल्या. तसं नाही. केसीईटीचा एक नियम असा की पहिली ते बारावीत निदान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं पाहिजे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातनं पास पाहिजे. आपलं पोरगं दहा वर्षं इथे शिकलंय, दहावी इथली आहे. बारावी कोल्हापुरात केली तरी त्याची पात्रता शाबूत राहते. म्हणजे कागद नीट ठेवले तर दोन्ही राज्यांच्या याद्यांत नाव घालता येतं. सीमेवर राहण्याचे तोटे सगळे आपल्या वाट्याला आलेत, हा एक फायदा तरी सोडू नका.

त्यासाठी एक दाखला दहावीनंतर लगेच काढून ठेवा. पहिलीपासून दहावीपर्यंत कुठल्या शाळेत, कुठल्या वर्षी शिकलं त्याचा, बीईओंच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, सहीचा. खेडेगावात दहा वर्षं शिकलेल्यांना केसीईटीत १५ टक्क्यांचं ग्रामीण आरक्षण आहे, त्याचा आधारही हाच दाखला. प्राथमिक शाळा एका गावात, हायस्कूल दुसऱ्या गावात, दोन हेडमास्तर, दोन शिक्के. दोन वर्षांनी सीईटीच्या धांदलीत हे करायला गेलात तर एक हेडमास्तर बदलून गेलेले असतात आणि दुसरे मीटिंगला.

बाकी राहण्याजेवण्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एक सांगतो, मुलगी खानापुराहून बेळगावला शिकायला गेली तर कर्नाटकच्या बायकांसाठीच्या मोफत बसच्या 'शक्ती' योजनेमुळे साध्या बसचं तिकीट पडत नाही. कोल्हापूरच्या बसला पडतं. गरीब घरात हा हिशेब लहान नसतो.

नावाची गोष्ट

शेवटी कागद. नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या गावाकडच्या कचेरीतनं, जात-उत्पन्नाचा दाखला काढा, त्यावरचा आरडी नंबर वेगळा लिहून ठेवा, ऍडमिशनला आणि शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलला तोच लागतो. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गांच्या यादीत ३-ब मध्ये येतो. महाराष्ट्राची यादी निराळी आहे, तेव्हा इकडचा दाखला तिकडे तसाच्या तसा चालेल असं धरून चालू नका. पोराच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होते आणि पैसे येत नाहीत.

पण सगळ्यात जास्त रडवतं ते नावाचं स्पेलिंग. आमच्या वारकऱ्यांच्या भागात ज्ञानेश्वर नावाची पोरं गल्लीत दोन तरी सापडतात. मराठी माणूस हे नाव इंग्रजीत लिहिताना 'डी-एन-वाय'ने सुरू करतो. कन्नडमध्ये ज्ञ चा उच्चार वेगळा, त्यामुळे कन्नड नोंदीवरनं इंग्रजी करणारा माणूस 'जे-एन'ने सुरू करतो. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर. कॉम्प्युटरला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. असा एक ज्ञानेश्वर डिप्लोमाच्या ऍडमिशनला गेला आणि कागदपत्र तपासणीला अडकला. आधारवर डी, मार्क्स कार्डावर जे, बापाच्या आडनावात एका जागी 'पाटील'ला एक 'ई' जादा. मे महिन्याच्या उन्हात बापलेक बेळगावला तीन चकरा मारून आले.

रस्ता सोपा होता, कुणी सांगितला नव्हता. मार्क्स कार्डावरचं नाव खरंच चुकलेलं असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीला पाठवायचं, त्याला वेळ लागतो. पण नाव बरोबर आहे आणि फक्त स्पेलिंगची तऱ्हा वेगळी आहे, तर मार्क्स कार्ड जसं आहे तसं ठेवायचं आणि तेच पुरावा म्हणून लावून आधार त्याच्यासारखं करून घ्यायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी कार्ड डोळ्यांत तेल घालून वाचायचं, मगच आधार केंद्रात जायचं. ज्ञानेश्वरने तसंच केलं, आणि ऍडमिशन झाली.

परवा स्टँडवर भेटला. कॉलेजला निघाला होता. हसत हसत खिशातनं बसपास काढून दाखवला. त्यावर तिसरंच स्पेलिंग होतं.